बूटेबल केलेला पेनड्राइव्ह पुन्हा फायली ठेवण्यासाठी मोकळा करताना

लिनक्सची आयएसओ (म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) पेनड्राइव्हवर चढवली, इन्स्टॉलेशन उरकलं, आणि आता तोच पेनड्राइव्ह नेहमीसारखा फायलींच्या ने-आणीसाठी हवा आहे. विंडोजच्या मशीनला लावला तर ३२ जीबीच्या जागी चार-पाच एमबीची एक ड्राइव्ह दिसते, नाहीतर ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असा निरोप येतो. लिनक्सला लावला तर फायली दिसतात, पण एकही डिलीट होत नाही. इथे बरेच जण पेनड्राइव्ह गेला असं धरून चालतात आणि तो फेकून देतात. वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. त्याच्यावरचा जागेचा नकाशा तेवढा बदललेला असतो, आणि तो नकाशा राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट’ दिल्याने बदलत नाही. फॉरमॅट एका पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या आखून दिलेल्या एका भागाच्या, आत चालतं. आपल्याला त्याच्या वरच्या पातळीवर, म्हणजे हे भाग कुठून कुठे आहेत ते नोंदवणाऱ्या पार्टिशन टेबलावर हात घालायचा आहे.

आत नेमकं काय झालेलं असतं

नव्या पेनड्राइव्हवर पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) असतो आणि त्यात पार्टिशन टेबल. पुढे थोडी जागा सोडून एकच मोठं पार्टिशन सुरू होतं, त्यात फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवण्याची पद्धत. बॅलेना एचर, लिनक्सवरची डीडी कमांड किंवा विंडोजवरच्या रुफस या साधनाचा डीडी इमेज मोड यांनी आयएसओ लिहिली की ती थेट शून्याव्या सेक्टरपासून बाइट-न-बाइट उतरते. जुनं टेबल पुसलं जातं आणि आयएसओचं स्वतःचं टेबल त्या जागी बसतं.

हल्लीच्या बहुतेक लिनक्स आयएसओ हायब्रिड असतात. त्या सीडीवर लिहिल्या तरी चालतात आणि डिस्कवर लिहिल्या तरी चालतात. त्यासाठी एकाच प्रतिमेत आयएसओ ९६६० ही सीडीची फाइल सिस्टिम असते आणि शिवाय यूईएफआय (मशीन सुरू करणारं हल्लीचं फर्मवेअर) बूटसाठी काही एमबींचं छोटं फॅट पार्टिशन असतं. विंडोजला त्यातलं हे छोटं फॅट पार्टिशन तेवढं कळतं, म्हणून पाच एमबी. लिनक्सला आयएसओ ९६६० कळते, पण ती मुळातच एकदा लिहून वाचत राहायची रचना आहे. तिच्यात फाइल पुसण्याची सोयच नाही. तेव्हा परवानग्या बदलून, सुडो लावून (म्हणजे ॲडमिनचे अधिकार घेऊन), रीमाउंट करून काहीही होणार नाही. हे एकदा समजलं की पुढचा बराच वेळ वाचतो.

सगळेच पेनड्राइव्ह अशा अवस्थेत नसतात. रुफसने नेहमीच्या आयएसओ मोडमध्ये केलेला असेल तर मुख्य पार्टिशन साधं फॅट३२ किंवा एनटीएफएस असतं. एनटीएफएस असेल तर शेवटी १ एमबीचं आणखी एक पार्टिशन राहतं. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ६४ किंवा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह वापरला असेल तर ३२ जीबीचं फॅट३२ पार्टिशन तयार होतं आणि उरलेली जागा कुणाच्याच नावावर नसते. मॅकचा इन्स्टॉलर केलेल्या पेनड्राइव्हवर सुरुवातीला २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं, आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावरचा ‘डिलीट व्हॉल्यूम’ पर्याय करडा पडलेला दिसतो. क्रोम ओएसचा रिकव्हरी पेनड्राइव्ह तर डझनभर पार्टिशनांचा असतो. एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ नुसत्या कॉपी करून बूट करू देणाऱ्या व्हेंटॉयची गोष्ट वेगळी: त्याचं ३२ एमबीचं बूट पार्टिशन शेवटी असतं आणि बाकी सगळी जागा एक्सफॅटमध्ये तशीच वापरता येते. व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह असेल तर मोकळा करायच्या भानगडीत न पडता त्याच मोठ्या पार्टिशनवर फायली ठेवाव्यात, असं माझं मत. ३२ एमबीसाठी बूटची सोय घालवण्यात अर्थ नाही.

सुरू करण्याआधी

पेनड्राइव्हवरचं सगळं जाणार आहे. लिनक्स लाइव्ह चालवताना काही जण पर्सिस्टन्सचं, म्हणजे केलेले बदल टिकवून ठेवणारं, पार्टिशन करतात आणि त्यात स्वतःची कागदपत्रं ठेवून विसरतात. हे पार्टिशन एक्सट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये असतं, विंडोजला ते वाचता येत नाही. शंका असेल तर आधी लिनक्समध्ये उघडून बघा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पुढच्या कमांड चुकीच्या डिस्कवर चालल्या तर ती डिस्क रिकामी होईल. बाहेरून जोडलेल्या बाकीच्या हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड आधी काढून ठेवा. मग डिस्कची यादी दोनदा पाहा: एकदा पेनड्राइव्ह लावून, एकदा काढून. दुसऱ्या यादीत जी ओळ गायब झाली तोच आपला पेनड्राइव्ह. नुसत्या आकारावर विसंबू नका, आणि पुन्हा लावल्यावर क्रमांक बदललेला असू शकतो हेही ध्यानात ठेवा.

आकार कमी दिसला तर गोंधळू नका. पाकिटावरचे ३२ जीबी म्हणजे ३२ अब्ज बाइट्स. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे साधारण २९.८ किंवा त्याहून थोडं कमी दिसतं. ६४ चे ५९.६ होतात आणि १६ चे १४.९.

विंडोजवर डिस्कपार्ट

डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशनं एकेक उडवता येतात, पण वर सांगितलेली ईएफआयसारखी अडचण तिथे येतेच. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीच्या आधी तर विंडोज पेनड्राइव्हवरचं फक्त पहिलंच पार्टिशन वापरू द्यायचं. म्हणून सरळ डिस्कपार्ट हे विंडोजमधलंच कमांडचं साधन वापरावं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, डिस्कपार्ट टाइप करून एंटर द्या आणि मग क्रमाने पुढे जा. कमांड खाली देवनागरीत दिल्या असल्या तरी टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच लागेल.

लिस्ट डिस्क

इथे ‘डिस्क ० – ऑनलाइन – ४७६ जीबी’, ‘डिस्क १ – ऑनलाइन – २९ जीबी’ अशा ओळी येतात. ० ही बहुधा मशीनची आतली डिस्क असते. पेनड्राइव्ह १ असेल असं समजून:

सिलेक्ट डिस्क १
डिटेल डिस्क

डिटेल डिस्क ही पायरी बहुतेक सूचनांमध्ये गाळलेली असते. ती गाळू नका. इथे डिस्कचं मॉडेल नाव आणि ‘टाइप’समोर ‘यूएसबी’ असं दिसायला हवं. ते दिसलं तरच पुढे:

क्लीन

क्लीन कुठलाही ‘नक्की का?’ प्रश्न विचारत नाही, एंटर दाबताच काम करून मोकळं होतं. ते पार्टिशन टेबल पुसतं. जीपीटी, म्हणजे एमबीआरच्या जागी येणारी नवी पार्टिशन टेबलाची पद्धत, असेल तर तिची शेवटच्या सेक्टरांमधली दुसरी प्रतसुद्धा जाते. ‘क्लीन ऑल’ ही वेगळी कमांड प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते. पेनड्राइव्ह मोकळा करण्यासाठी तिची गरज नाही. १० एमबी प्रति सेकंद वेगाने लिहिणाऱ्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला तिला पावणेदोन तास लागतील आणि फ्लॅशची झीज फुकट होईल. क्लीननंतर:

क्रिएट पार्टिशन प्रायमरी
फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक
असाइन

पार्टिशन तयार होताक्षणी विंडोज मध्येच ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ अशी खिडकी उघडतं. ती रद्द करा, आपली फॉरमॅट कमांड पुढेच आहे. दोन्ही एकदम चालल्या तर एक अडकते.

क्लीनला कधी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला नसेल किंवा एक्सप्लोररच्या खिडकीत तोच पेनड्राइव्ह उघडा असेल. खिडकी बंद करून पुन्हा क्लीन द्या. पुष्कळदा दुसऱ्या वेळी चालून जातं. अँटिव्हायरसचं स्कॅन त्याच वेळी सुरू असेल तरी हेच होतं.

कमांडचा कंटाळा असेल तर रुफसमध्येच उतारा आहे. ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर, फाइल सिस्टिम एक्सफॅट आणि स्टार्ट. टेबल नवं करून फॉरमॅटही होतं, आणि रुफस एरवी फक्त काढता-घालता येणारे ड्राइव्हच यादीत दाखवत असल्याने चुकीची डिस्क निवडली जाण्याचा धोका कमी. नवख्या माणसाला मी हाच मार्ग सुचवेन.

लिनक्सवर, आणि इथे अडकणारी जुनी सही

उबुंटूसारख्या ठिकाणी ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा, डावीकडे पेनड्राइव्ह निवडा, वरच्या मेन्यूतून ‘फॉरमॅट डिस्क’ द्या आणि मग अधिक चिन्हाने नवं पार्टिशन करा. ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘फॉरमॅट पार्टिशन’ हे वेगळे पर्याय आहेत. आपल्याला आधी पहिला हवा.

टर्मिनलवरून करायचं तर एलएसबीएलके देऊन नाव शोधा. समजा ते /डेव्ह/एसडीबी आहे. डेस्कटॉप वातावरण पेनड्राइव्ह आपोआप माउंट करतं, म्हणून त्याची सगळी पार्टिशनं आधी अनमाउंट करा, नाहीतर पुढची प्रत्येक कमांड ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून थांबेल.

आता खरी मेख. बरेच लोक डीडीने पहिले ५१२ बाइट्स शून्य करतात आणि टेबल गेलं असं समजतात. टेबल जातं, पण आयएसओ ९६६० ची ओळख पहिल्या सेक्टरमध्ये नसतेच. सीडीच्या रचनेप्रमाणे पहिले १६ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट्सचे, राखीव असतात. त्यांच्यानंतर, म्हणजे ३२ केबीच्या पुढे, ‘सीडी००१’ ही सही, म्हणजे फाइल सिस्टिम ओळखण्याची खूण, येते. ती शिल्लक राहिली तर नवं टेबल करूनसुद्धा जीपार्टेडसारखी पार्टिशन करणारी साधनं अख्ख्या डिस्कला आयएसओ समजत राहतात. नव्या पार्टिशनची सुरुवात १ एमबीवर होत असल्याने फॉरमॅटही त्या सहीवर लिहीत नाही. ती तिथे कायमची बसून राहते.

दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे पार्टेड या पार्टिशन करणाऱ्या कमांडचा निरोप: ड्रायव्हर डिस्क्रिप्टर म्हणतो ब्लॉक २०४८ बाइट्सचा, लिनक्स म्हणतं ५१२ चा. काही हायब्रिड आयएसओंमध्ये ॲपलच्या जुन्या मशीनांसाठी तिसरी पार्टिशन-रचनाही घातलेली असते, तिच्यामुळे हे घडतं. हार्डवेअर बिघडलेलं नसतं.

या सगळ्यांवर वाइपएफएस ही कमांड नेमका इलाज आहे. डॅश ए न देता चालवली तर ती डिस्कवर कुठल्या सह्या कुठल्या जागी आहेत एवढंच दाखवते, काही पुसत नाही. डॅश ए दिलं की सगळ्या पुसते. क्रम मात्र पाळा: आधी एसडीबी१, एसडीबी२ अशा प्रत्येक पार्टिशनवर चालवा, मग अख्ख्या एसडीबीवर. नुसत्या एसडीबीवर चालवली तर पार्टिशनांच्या आतल्या सह्या तशाच राहतात, आणि नवं पार्टिशन योगायोगाने त्याच जागी सुरू झालं तर जुनी फाइल सिस्टिम पुन्हा वर येते. वाइपएफएसऐवजी डीडीने सुरुवातीचे १० एमबी शून्य केले तरी आयएसओची सही जाते, पण जीपीटीची डिस्कच्या शेवटी असलेली प्रत राहते आणि साधनं ‘मूळ खराब, प्रत ठीक’ अशी कुरकुर करत राहतात.

मग पार्टेडमध्ये मेकलेबल एमएसडॉस देऊन नवं टेबल करा आणि मेकपार्टने १ एमआयबीपासून १०० टक्क्यांपर्यंत एक प्रायमरी पार्टिशन. मेकपार्ट फाइल सिस्टिमचं नाव विचारतं. एक्सफॅट करायचं असेल तरी इथे ‘एनटीएफएस’ द्या: पार्टेड इथे काहीच फॉरमॅट करत नाही, टेबलात प्रकाराचा आकडा तेवढा लिहितं, आणि एनटीएफएस व एक्सफॅट या दोघांचाही आकडा ७ आहे. हा आकडा चुकला की गोंधळ होतो. एफडिस्कने पार्टिशन करून तसंच सोडलं तर प्रकार ८३, म्हणजे लिनक्स, राहतो. मग आत एक्सफॅट अगदी बिनचूक असूनही विंडोज त्याला ड्राइव्ह लेटर देत नाही आणि लिनक्सवर मात्र सगळं छान चालतं. ‘लिनक्सवर दिसतो, विंडोजवर दिसत नाही’ अशी तक्रार असली की पहिल्यांदा हा आकडा तपासावा. फॅट३२ साठी तो सी हवा.

शेवटी एमकेएफएस.एक्सफॅट /डेव्ह/एसडीबी१. कमांड सापडली नाही तर एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज टाका. एसडीबी१ मधला १ विसरून थेट एसडीबीवर फॉरमॅट केलं तर पार्टिशन टेबलावरच फाइल सिस्टिम बसते. असा पेनड्राइव्ह काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही, आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

मॅकवर

डिस्क युटिलिटी उघडल्यावर ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडणं एवढीच खरी पायरी. त्याशिवाय फक्त आतले व्हॉल्यूम दिसतात आणि ‘इरेज’ दिल्यावर ‘स्कीम’चा पर्याय येतच नाही. सगळ्यात वरचं, कंपनीच्या नावाचं उपकरण निवडा, इरेज द्या, फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड. जीयूआयडी (म्हणजे जीपीटीच) निवडलं तर २०० एमबीचं ईएफआय पार्टिशन पुन्हा तयार होईल.

एक्सफॅट की फॅट३२

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून एक बाइट कमीपर्यंतच मावते. पेनड्राइव्हवर २० जीबी मोकळे असताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं उत्तर आलं तर कारण हेच. एक्सफॅटला ही अडचण नाही, आणि विंडोज, मॅक व ५.४ पासूनचं लिनक्स कर्नल त्याला स्वतःहून ओळखतं. म्हणून संगणकांमधल्या ने-आणीसाठी एक्सफॅट. गाडीतला स्टीरिओ, जुना टीव्ही, प्रिंटर यांच्यासाठी फॅट३२, आणि टेबल एमबीआरच. यातली बरीच उपकरणं जीपीटी वाचत नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीहून मोठ्या पार्टिशनला फॅट३२ मिळत नाही अशी जुनी मर्यादा आहे, रुफस मात्र करून देतं. एनटीएफएस पेनड्राइव्हवर शक्यतो नको: मॅक ते फक्त वाचतं, लिहीत नाही.

एक्सफॅटचा एक तोटा लक्षात असू द्या. ३२ जीबीहून मोठ्या पार्टिशनवर विंडोज १२८ केबीचे क्लस्टर (फाइलला जागा देण्याचे सर्वात लहान तुकडे) करतं, म्हणजे १ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी अडवते. हजारो छोट्या फायलींचं फोल्डर ठेवायचं असेल तर झिप करून ठेवा, नाहीतर फॉरमॅट करताना क्लस्टर ३२ केबीचा निवडा. शिवाय फॅट३२ काय नि एक्सफॅट काय, जर्नलिंग, म्हणजे बदल आधी नोंदवून मग करण्याची सोय, दोन्हीत नाही. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर फायलींची यादीच बिघडू शकते. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी डेटा अजून रॅममधून उतरत असतो. इजेक्ट करा आणि ‘आता काढा’ असं दिसेपर्यंत थांबा.

तरीही जमलं नाही तर

डिस्कपार्ट ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणालं तर आधी पेनड्राइव्हच्या कडेला सरकतं बटण आहे का पाहा. नसेल तर ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ ही कमांड देऊन पुन्हा क्लीन. दुसऱ्या मशीनवरही लावून बघा. ऑफिसच्या संगणकांवर धोरण म्हणून यूएसबीवर लिहिणं बंद केलेलं असतं आणि दोष पेनड्राइव्हवर येतो.

क्लीन यशस्वी झालं, पेनड्राइव्ह रिकामा दिसला, पण काढून पुन्हा लावल्यावर जुन्या फायली जशाच्या तशा परत आल्या, तर तो संपला. फ्लॅश (डेटा साठवणारी चिप) झिजली की तिचं काम सांभाळणारे बरेच कंट्रोलर लिहिणं बंद करतात आणि आहे तेवढं फक्त वाचू देतात. त्यावर कुठल्याही फॉरमॅट सॉफ्टवेअरचा उपाय नाही. आतलं हवं ते उतरवून घ्या. यादीत शून्य बाइट्स किंवा ‘नो मीडिया’ असं दिसत असेल तर कंट्रोलर फ्लॅशपर्यंत पोचतच नाही आहे, तिथेही टेबल नवं करून काही होणार नाही.

सगळं सुरळीत झालं तरी, पेनड्राइव्ह कुठून आला हे माहीत नसेल किंवा त्याच्यावर महत्त्वाचं काही ठेवायचं असेल, तर एकदा पूर्ण भरून तपासून घ्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. दोन्ही रिकामी जागा ओळखीच्या डेटाने भरतात आणि मग तोच परत वाचून जुळवतात. खोटी क्षमता छापलेले पेनड्राइव्ह इथेच पकडले जातात: ६४ जीबी दाखवणारा प्रत्यक्षात ८ जीबीचा असेल तर ८ नंतरचं सगळं चुकीचं वाचलं जातं. आयएसओ दोन-चार जीबीचीच असल्याने अशा पेनड्राइव्हने बूटचं काम बिनतक्रार केलेलं असू शकतं. एफ३ वापरताना एफ३राइट झाल्यावर पेनड्राइव्ह इजेक्ट करून काढा, पुन्हा लावा आणि मगच एफ३रीड चालवा, म्हणजे आकडे रॅममधल्या कॅशमधून न येता खरोखर फ्लॅशवरून येतील. चाचणीच्या फायली नंतर साध्या डिलीटने जातात, पुन्हा फॉरमॅट करायला नको.